पूर्णेकाठची सरहद्द

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा भोकरदन आणि जाफराबाद या तालुक्यांतून वाहत येते आणि पुढे बुलढाणा जिल्ह्यात शिरते. तिथले लोक तिला खडकपूर्णा म्हणतात. काही अंतर गेल्यावर ती पुन्हा मराठवाड्याच्या बाजूला येते आणि परभणीकडून जाऊन अखेर गोदावरीस मिळते. (वऱ्हाडात पूर्णा नावाची आणखी एक मोठी नदी आहे. ती तापीला मिळते. दोघींची गल्लत पुष्कळ जण करतात, म्हणून हा खुलासा.) आम्हांला ज्या सरहद्दीविषयी लिहायचे आहे ती ही नदी दोनदा ओलांडते, आणि तिच्या पाण्याला त्याची काही खबर नसते.

जालन्याहून सिंदखेडराजाला किंवा देऊळगावराजाला जाणाऱ्या प्रवाशालाही ती नसते. तासाभराच्या आतला हा रस्ता. दोन्ही बाजूंना तीच काळी जमीन, तोच कापूस, तेच सोयाबीन. 2022 पासून समृद्धी महामार्गावरून ही वेस ओलांडायला निमिषभर पुरते. दोन्हीकडे सोयरिकी आहेत, देवदेवस्की एक आहे, बोलीतला फरक कानाला जाणवतो पण अडत नाही. मात्र पूर्वेकडील मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर पुष्कळदा ‘कुणबी’ असे लिहिलेले असते, आणि पश्चिमेकडील त्याच्या मामेभावाच्या दाखल्यावर ‘मराठा’. एक इतर मागासवर्गीयांच्या यादीत, दुसरा त्या यादीबाहेर. जालना जिल्ह्याने 2023 पासून जो संघर्ष पाहिला, त्याचे मूळ शोधताना बहुतेक जण जातीच्या इतिहासात शिरतात. आमचे म्हणणे असे की आधी नकाशाकडे पाहावे.

मानवी भूगोलाच्या अभ्यासात ‘प्रदेश’ हा शब्द केवळ जमिनीच्या तुकड्यासाठी वापरत नाहीत. रॉबर्ट सॅक या भूगोलज्ञाने 1986 साली मांडलेला विचार थोडक्यात असा, की जागेवर ताबा ठेवून माणसांवर ताबा ठेवण्याची ती एक युक्ती आहे. रेघ आखणाऱ्याला बहुधा रेघेत रस नसतो, तिच्या आतील महसुलात आणि मनुष्यबळात असतो. पण रेघ एकदा आखली की तिच्या दोन अंगांना दोन कचेऱ्या बसतात, दोन प्रकारची दफ्तरे लिहिली जातात, आणि तीन-चार पिढ्यांनी ती दफ्तरेच माणसाला तो कोण आहे हे सांगू लागतात. जालना-बुलढाण्याची रेघ याचे उत्तम उदाहरण आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की ती निसर्गाने घातलेली नाही. जुन्या वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानीत. पयनघाट म्हणजे डोंगराखालचा तापी-पूर्णेचा सखल प्रदेश, बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या रांगेवरचे पठार. निसर्गाला वेस घालायची असती तर ती या डोंगराच्या कडेने गेली असती. चिखली, मेहकर, सिंदखेड, जाफराबाद, भोकरदन हे सारे एकाच पठारावरचे मुलूख. लखुजी जाधवांच्या काळी सिंदखेडला बसून कोणाला वाटले नसते की जालना परक्या मुलुखात आहे. आजची वेस हे पठार मधोमध चिरीत जाते. असे का झाले, याचे उत्तर दोन तहांत आहे, आणि दोहोंच्या मुळाशी फौज आहे.

पहिला तह ज्या लढाईमागून झाला ती याच जिल्ह्यात झाली. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदन तालुक्यातील असई येथे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि वॉटर्लूपेक्षा असई अवघड गेली असे तो म्हणे. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्ती या लढाईचे स्मारक आहे. तो बिल्ला छातीवर मिरवणाऱ्या किती जवानांना असई कोठे आहे हे ठाऊक असेल, देव जाणे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले. भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले, शिंद्यांनी अजिंठ्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला, त्यात जालना होते. 1804 च्या वाटणीत हे दोन्ही इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाच्या पदरात पडले. म्हणजे जालना आणि वऱ्हाड हे दोन्ही एका झटक्यात एकाच धन्याकडे आले. तेव्हा त्यांच्यामध्ये वेस नव्हती.

ती आली 1853 मध्ये. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज उभी राहिली होती. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. फौज निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि पगार थकलेला, असा हा विलक्षण संसार. थकबाकी वाढत गेली, आणि डलहौसीने ती वसूल करण्याचा आपला नेहमीचा मार्ग काढला. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे जिल्हे फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या कारभारात गेले. 1857 मध्ये निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला, त्याचे बक्षीस म्हणून 1860 साली धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही, कारण कापूस तिथे होता. पुढे 1902 च्या कराराने दरसाल 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले, आणि दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. कागदोपत्री निजाम वऱ्हाडचाही धनी होता. 1936 नंतर त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. पण जाफराबादच्या शेतकऱ्याला या पदवीचा काय उपयोग? त्याच्या शेताच्या पलीकडे दुसरे सरकार सुरू होत होते.

हे दुसरे सरकार लिहिण्याच्या बाबतीत फार हौशी होते. वऱ्हाडात 1860 च्या दशकात मुंबईच्या पद्धतीची रयतवारी पाहणी सुरू झाली, 1867 साली शिरगणती झाली, आणि 1870 मध्ये आल्फ्रेड लायलने या जिल्ह्यांचे गॅझेटियर छापले. गावोगाव जन्ममृत्यूची नोंद ठेवली जाऊ लागली. विदर्भात ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात ते हेच. बाळ जन्मले की बापाचे नाव आणि जात त्यात चढे. लिहिणाऱ्याने शेती करणाऱ्याला कुणबी म्हटले, कारण गावही त्याला तेच म्हणत होते. शाळा मराठी, कचेरी मराठी, म्हणून शब्द जसाच्या तसा उतरला.

निजामाच्या बाजूला सालारजंगाने 1865 च्या सुमारास जिलाबंदी करून आधुनिक कारभाराचा पाया घातला हे खरे, 1881 पासून शिरगणतीही होऊ लागली, आणि 1884 चे औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर आजही वाचनीय आहे. पण राज्याचा सुमारे 40 टक्के मुलूख सर्फेखास, पायगा आणि जहागिरी यांत विखुरलेला होता, आणि तिथे दिवाणी कारभाराचे नियम सारखे पोचत नव्हते. एका गावचे दफ्तर नीट, तर शेजारच्या जहागिरीच्या गावी दफ्तरच नाही, असा प्रकार. शिवाय दफ्तराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे कागद मोडीत. मराठी माणसाने मराठीत सांगितलेली ओळख तीन लिप्यांच्या चाळणीतून जात होती, आणि चाळणीत काय अडकले याची चौकशी करण्याची तेव्हा कोणाला गरज नव्हती.

आता नावाचा प्रश्न. कुणबी आणि मराठा या दोन नावांमध्ये भिंत किती आणि पडदा किती, यावर विद्वानांत व न्यायालयांत मतभेद आहेत, आणि आम्ही येथे त्याचा निवाडा करू इच्छीत नाही. एवढे मात्र दिसते की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मराठी मुलखात सर्वत्र शेतकरी कुटुंबे ‘कुणबी’ हे नाव टाकून ‘मराठा’ हे नाव घेत होती. त्यामागे मान होता, क्षत्रियत्वाचा दावा होता, लष्करातील भरती होती, शिवाजी महाराजांशी नाते सांगण्याची आस होती. 1931 च्या जनगणनेपर्यंत, म्हणजे सर्व जाती मोजणाऱ्या शेवटच्या जनगणनेपर्यंत, हा प्रवाह वेगात होता. वऱ्हाडात तो काहीसा अडला. तेथे शेतकऱ्यांच्या राजकारणाने ‘कुणबी’ हे नाव कमीपणाचे न मानता संघटनेचे मानले. डॉ. पंजाबराव देशमुख (1898–1965) यांनी शिक्षणसंस्था उभारल्या, ते घटना समितीत गेले, केंद्रात कृषिमंत्री झाले, आणि मागासवर्गीयांच्या प्रश्नावर सतत बोलत राहिले. शेतकऱ्यांनी कुणबी हीच नोंद ठेवावी असा त्यांचा आग्रह होता, हे विदर्भात घरोघर सांगतात.

निजामी मराठवाड्यात असे राजकारण उभे राहायला मोकळी जागाच नव्हती. तिथे सभेला परवानगी लागे, वृत्तपत्राला परवानगी लागे, आणि 1918 नंतर उच्च शिक्षण घ्यायचे तर उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून. तेथील लढा ‘आम्ही कोणत्या जातीचे’ हा नव्हताच, ‘आम्ही कोणत्या देशाचे’ हा होता. 1947-48 मध्ये रझाकारांच्या काळात हीच सरहद्द आधार झाली. स्टेट काँग्रेसची शिबिरे भारताच्या बाजूला होती, वऱ्हाडातल्या उमरखेडला होती, आणि या बाजूचे तरुण रात्री वेस ओलांडून जात-येत. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत लष्करी कारवाई झाली आणि निजामाचे राज्य संपले. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी केली. मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता आणि तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. आमच्या शालेय इतिहासात मुक्तिसंग्रामाचे पहिले पान आहे, दुसरे नाही. हे आम्ही येथे का सांगतो, ते लेखाच्या शेवटी कळेल.

राज्य गेले, रेघ राहिली. 1949 मध्ये जहागिरी खालसा झाल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा आणि विदर्भ एकाच दिवशी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. आता ही वेस एका राज्याच्या पोटात होती, साधी जिल्ह्याची हद्द. पण 1953 च्या नागपूर कराराने मराठवाडा आणि विदर्भ हे वेगळे घटक म्हणून मानले होते, घटनेच्या 371(2) कलमाने ते मान्य केले, आणि अनुशेष मोजण्याच्या निमित्ताने 1853 चीच रेघ पुन्हा गडद होत गेली. 1 मे 1981 रोजी औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचे परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा झाला. जिल्हा नवा, कचेरी नवी, दफ्तर मात्र औरंगाबाद, परभणी आणि हैदराबाद या तीन ठिकाणी वाटलेले. हा तपशील तेव्हा कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

तो महत्त्वाचा ठरला चाळीस वर्षांनी. 2018 च्या कायद्याने दिलेले मराठा आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 रोजी रद्द केले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे-पाटील उपोषणास बसले आणि 1 सप्टेंबरला तेथे पोलिसांचा लाठीमार झाला. त्यानंतर मागणीचे रूप पालटले. नवे आरक्षण द्या असे म्हणण्याऐवजी आमची जुनी नोंद शोधा, असे ते झाले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांतील गाठोडी सुटली. राज्यभर 54 लाखांहून अधिक कुणबी नोंदी निघाल्या. त्यांत मराठवाड्याचा वाटा अगदीच तोकडा होता. ज्या भूमीतून मागणी उठली तिथेच कागद नव्हता, आणि ज्या भूमीत कागद मुबलक होता तिथे मागणीची गरज फारशी नव्हती. वरील इतिहास ज्याने पाहिला त्याला यात आश्चर्य वाटू नये.

दुसरी बाजूही याच तालुक्यात उभी राहिली. 17 नोव्हेंबर 2023 ला अंबडला इतर मागासवर्गीयांची मोठी सभा झाली, आणि जून 2024 मध्ये अंतरवाली सराटीपासून काही किलोमीटरवर असलेल्या वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे उपोषणास बसले. माळी, धनगर, वंजारी, साळी, सुतार यांच्या पुढ्यातले ताट आहे तेवढेच, आणि पंगतीत मोठी जमात येऊन बसणार, ही त्यांची भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये. जे गाव कालपर्यंत एका पारावर बसत होते ते दोन उपोषणमंडपांत वाटले गेले. कोठे एकमेकांच्या दुकानात जाणे बंद झाले, कोठे लग्नाच्या पत्रिका पोचेनाशा झाल्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या रेघेची किंमत ही अशी गावातल्या गावात वसूल होत असते.

मुंबईतील आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर 2 सप्टेंबर 2025 रोजी जो शासननिर्णय निघाला, तो मानवी भूगोलाच्या विद्यार्थ्याने एकदा सावकाश वाचावा. त्यात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला आहे. गॅझेटियरमध्ये अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, असे आकडे असतात, नावे नसतात. आकड्यावरून एका माणसाची जात सिद्ध कशी करायची? म्हणून निर्णयात तोड काढली आहे. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही, त्याने आपले पूर्वज 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी त्या भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि गावपातळीवरच्या समितीने चौकशी करावी. म्हणजे तुम्ही कोण, या प्रश्नाच्या उत्तरात आता ‘तुम्ही कोठले’ यालाही पुराव्याची जागा मिळाली. प्रदेशाने ओळख घडविली हे आम्ही आतापर्यंत इतिहास म्हणून सांगत होतो. येथे तो कार्यपद्धतीचा भाग झाला आहे.

हा तर्क एकाच दारी थांबणारा नव्हता. त्याच महिन्यात जालन्यात बंजारा समाजाचा मोर्चा निघाला. तेच गॅझेटियर पुढे करून त्यांनी अनुसूचित जमातीत समावेश मागितला, आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. बंजाऱ्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. 1956 साली हैदराबादचे तीन तुकडे झाले तेव्हा त्यांचे तांडेही तीन राज्यांत गेले. आज तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बोली एक, वेश एक, सेवालाल महाराज एक, याद्या तीन. ज्यांचा सारा पूर्वेतिहास लमाणी बैलांच्या पाठीवर सरहद्दी ओलांडण्यात गेला, त्यांनाच सरहद्दीने असे तीन ठिकाणी बांधून ठेवले.

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील जाफराबादकडचे एक शेतकरी आजोबांच्या शेताच्या जुन्या कागदाची नक्कल घेऊन फिरत होते. त्यांच्या आत्याचे घर वेशीपलीकडे बुलढाण्यात आहे, आणि तिच्या नातवांची प्रमाणपत्रे कधीच झाली आहेत. यांचा कागद उर्दूत. मोडी वाचणारे पैसे घेऊन वाचून देत होते, पण हा त्यांच्या कामाचा नव्हता. अखेर तालुक्याच्या गावी एका निवृत्त उर्दू शिक्षकांचे घर कोणी दाखवले. ज्यांच्या मोहल्ल्याने 1948 च्या पावसाळ्यानंतरचे दिवस पाहिले, त्यांपैकीच हे घर. मास्तरांनी चहा सांगितला, भिंग काढले, आणि बराच वेळ त्या घसटीच्या अक्षरावर बोट फिरवले. आजोबांचे नाव होते, गट होता, आकार होता. नावापुढे एक शब्द होता.

“काश्तकार लिहिलंय,” मास्तर म्हणाले.

“काश्तकार म्हणजे कुणबीच की, मास्तर?”

“अर्थ तोच होतो, पाटील. शब्द तो नाही.”